मान, कान आणि गाडीची चाबी

माझ्या अंगातला कोणता अवयव दगा देईल असं कुणी मला विचारलं असतं, तर कानाचं नाव मी सगळ्यात शेवटी घेतलं असतं. डोळ्यांना चष्मा लागला होता, दाढा हलत होत्या, गुडघे जिना बघूनच कुरकुरायचे, पोटाचं तर विचारूच नका. कान मात्र डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुमान बसून होते. बायकोचं बोलणं ऐकू येत नाही अशी एक जुनी तक्रार होती, पण ती कानाविरुद्ध नव्हती, माझ्याविरुद्ध होती. आणि शेवटी घात केला तो कानानंच. निदान सुरुवात तरी त्यानं केली. पुढं बाकीचे सामील झाले.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. सेनगाव तालुक्यात आमच्या गावी जनावरांचा सरकारी दवाखाना आहे, तिथं. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीला मी सगळ्यांना सांगायचो. मग लक्षात आलं की सांगितल्यानं गाईला काही फरक पडत नाही आणि मालकाचा मात्र धीर सुटतो. म्हणून सांगायचं सोडलं. काम म्हणजे मोटारसायकलवर आजूबाजूची खेडी फिरायची, लसी टोचायच्या, इंजेक्शनं द्यायची, गाभण जनावरं तपासायची.

त्या दिवशी एका गोठ्यात गाय तपासत होतो. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खांद्यापर्यंत हातमोजा चढवायचा, गाईच्या मागून हात आत घालायचा, आपला गाल जवळजवळ तिच्या पुठ्ठ्याला टेकवायचा आणि मान वळवून, डोळे मिटून आतलं चाचपायचं. चेहऱ्यावर मोठा विचार चालल्याचा भाव ठेवायचा. त्याची गरज नसते, पण मालकाला बरं वाटतं. मी गाल टेकवला, मान उजवीकडे वळवली, आणि गोठा सुटला. गव्हाण, मालक, मालकामागची कडब्याची गंजी, सगळं एका दिशेनं भरधाव निघालं. पडताना माणूस हाताला येईल ते धरतो. माझा हात गाईच्या आत होता, तेव्हा मी गाईलाच आतून धरलं. गाय दचकून चालू लागली आणि तिच्यामागं मी, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीसारखा.

"डॉक्टर, हाय का गाभण?" मालक विचारून राहिला होता.

"दोन हायत," मी म्हणालो. मला गाई दोन दिसत होत्या.

"जुळे?" तो आनंदानं ओरडला.

मग मी शेणात बसलो आणि सकाळचा चहा परत केला. मालक जवळ आला, वाकला आणि त्यानं माझ्या तोंडाचा वास घेतला. हवा होता तो वास लागला नाही, त्यामुळं जरा नाराज झाला असावा.

"आमच्या बकरीला बी असंच झालतं," तो म्हणाला. "गोल गोल फिरायची. तुमीच आलते बघायला."

"मग बरी झाली का?" मी डोळे मिटूनच विचारलं.

"तुमी इंजेक्शन देऊन गेले, अन् दुसऱ्या दिवशी कापली."

ही बातमी माझ्या आधी घरी पोचली. बायको अंगणवाडीत आहे, हट्टी लेकरं हाताळायचा तिला सराव आहे. तिनं काही आरडाओरडा केला नाही. फक्त हात पुढं केला.

"अहो, चाबी द्या."

मी गाडीची चाबी दिली. तिनं ती गळ्यातल्या काळ्या पोतीत ओवली आणि पदराआड टाकली. "एक पूर्ण पावसाळा चक्कर आली न्हाई, तर परत मिळंल," ती म्हणाली. "गाडीवर आली असती तर? ट्रक आला असता समोरून तर?"

तिचं म्हणणं बराबर होतं, हीच तर तकलीफ होती. पण गाडी नाही म्हणजे फिरती नाही, आणि फिरती नाही म्हणजे साहेब मला हिंगोलीच्या कार्यालयात कागदांना टाचण्या मारायला बसवणार, हे नक्की होतं. ज्याचं अर्धं आयुष्य धुऱ्यावरून, गोठ्यातून आणि लोकांच्या घरचा चहा पीत गेलं, त्याला पंख्याखालच्या खुर्चीत बसवणं म्हणजे बैलाला दुकानात उभं करण्यासारखं आहे. तेव्हा मला काही करून ती चाबी पदराआडून बाहेर काढायची होती. तोवर मी शेतकऱ्यांच्या गाड्यांवर मागं बसून, मांडीवर औषधांची पेटी घेऊन, नव्या नवरीसारखा गावोगाव जाऊ लागलो.

चाबी हवी तर चक्कर थांबायला हवी, आणि चक्कर थांबवायची तर ती कशानं येते ते कळायला हवं. मी शोध सुरू केला. पहिला संशय चहावर घेतला. चहा सोडला, चक्कर आली. मग छताच्या पंख्यावर घेतला, कारण पडल्या पडल्या वर बघितलं की पंखा उलटा फिरायचा, बंद असला तरी. पंखा काढून ठेवला. नुसतं घामाघूम व्हायला झालं, चक्कर घामातही आली. मग लोणचं, मग उशीची उंची, मग शेजाऱ्यांनी हळद शिजवायला घेतली होती तिचा वास. शेजारीण म्हणाली, "भाऊ, हळदीनं कुणाला चक्कर येत असती तर हळदीच्या बाजाराची अख्खी वसमत लोळत पडली असती." मी तिचं ऐकून घेतलं आणि खिडकी लावून घेतली.

एक गोष्ट मात्र माझ्या शास्त्रीय नजरेतून सुटली नव्हती. चक्कर बहुतेक वेळा सोमवारी यायची. सोमवारच्या आधी रविवार असतो, आणि रविवारी आमच्याकडं मटण असतं. झालं. मी मटण बंद केलं. हा त्याग माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा होता. रविवारी बायको समोर बसून वाटीभर रस्सा भुरकायची आणि मी वरण-भात खात माझ्या शोधाचं कौतुक करायचो. सोमवारी सकाळी उठताना खाट गर्रकन फिरली.

पौर्णिमेला विहारात गेलो, तिथं तर कहर झाला. वंदना झाली, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं, आणि जमीन निघाली. वर यायची सोय राहिली नाही. फरशी तेवढी गार आणि विश्वासाची वाटली, म्हणून कपाळ तिथंच ठेवून पडून राहिलो. सगळे उठले, मी उठेना. मागून बायकांची कुजबुज ऐकू आली. "किती श्रद्धा हाय बघ गं त्यांची," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आमच्याला कधी सुचंल असं?" गाथा म्हणणारे गुरुजी थांबून राहिले. मला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर श्रद्धेची जी शोभा झाली असती ती विहार धुऊनही गेली नसती. शेवटी बायको पुढं आली, माझ्या शर्टाची कॉलर धरली आणि मला उचललं. त्यानंतर कितीतरी दिवस वस्तीतली म्हातारी माणसं मला आधी जयभीम घालायची.

त्या रात्री बायकोनं लेकीला फोन केला. लेक नांदेडला नर्सिंग शिकते. तिनं तिथल्या कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावला आणि आम्ही गेलो.

डॉक्टर तरुण होता. त्यानं मला पलंगावर बसवलं, डोकं दोन्ही हातांत धरलं आणि झटकन उताणं पाडून मान पलंगाच्या कडेखाली लोंबती ठेवली. मी गाईला दोर टाकून पाडतो तेव्हा तिला काय वाटत असेल ते मला त्या क्षणी समजलं. दवाखाना फिरला. डॉक्टर माझ्या डोळ्यांत बघत खूश झाला. "हां, बघा, बुबुळं कशी उडून राहिली," तो लेकीला म्हणाला. लेकही वाकून बघायला लागली. बापाचे डोळे उडताहेत आणि लेक शिकून घेते आहे.

मग त्यानं समजावून सांगितलं. कानाच्या पार आत तोल सांभाळायची जागा असते. तिथं चुन्यासारखे बारीक, डोळ्याला न दिसणारे खडे असतात. ते जागचे सुटून भलत्या नळीत शिरले, की डोकं वळवलं किंवा कूस बदलली की जग फिरतं.

"चुन्याचे?" बायको म्हणाली आणि तिनं माझ्या शर्टाच्या खिशाकडं बघितलं. खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती.

"नाही हो, तो चुना वेगळा," डॉक्टर म्हणाला.

"चुना तो चुना," बायको म्हणाली. "दिवसभर गालात धरून बसतात. तिथून कान किती लांब हाय?"

डॉक्टरनं कागदावर कानाचं चित्र काढून दाखवलं, पण तिचं समाधान झालं नाही. डबी तिथंच टोपलीत गेली. डॉक्टरनंही शेवटी, तंबाखू गेली तर बरंच आहे म्हणून हात जोडले.

त्यानं माझं डोकं सावकाश एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग अंगासकट वळवत ते खडे जागच्या जागी बसवले. मी उठलो तर जग उभं होतं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण वाकायला मनाई होती.

"पुन्हा होऊ शकतं," तो म्हणाला. "मानेला झटका द्यायचा नाही. कुणी जोरात मालिश करतं का? मान वगैरे?"

"छे," मी म्हणालो.

माझ्या डोक्यात तेव्हा आमचा सेनगावचा रस्ता होता आणि त्यातले खड्डे होते. झटका म्हणजे ते. माझा दोस्त दर रविवारी माझी मान मोडून द्यायचा, तो मला झटका वाटतच नव्हता. ते मान मोकळी करणं होतं. चक्कर येऊन गेल्यावर तर मी मुद्दाम त्याच्याकडं जायचो, की बाबा, मान आखडली असेल, जरा नीट मोड. बायको दवाखान्यात यावर काही बोलली नाही. ती बोलली नाही, तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

या दोस्ताबद्दल सांगावंच लागेल. माझ्या आज्याचे केस आमच्या गावातल्या न्हाव्यानं कधी कापले नाहीत. वस्तीतलाच एकजण लिंबाखाली बसून कापायचा. वडील बाजारच्या दिवशी सेनगावला जाऊन कटिंग करून यायचे, कारण तिथं कुणी कुणाची वस्ती विचारत नव्हतं. दोस्त गावातल्या त्या न्हाव्याचाच पोरगा, शाळेत माझ्या शेजारी बसायचा, माझ्या पाटीवरून गणितं उतरवायचा आणि माझीच चुकलेली असल्यामुळं माझ्याबरोबर मार खायचा. पुढं त्यानं स्टँडवर स्वतःचं दुकान टाकलं. उघडलं त्या दिवशी गावातली जाणती माणसं बाकड्यावर नंबर लावून बसली होती. मी नुसता बघायला गेलो होतो. त्यानं माझा दंड धरला आणि मला पहिल्यांदा खुर्चीत बसवलं. त्याचा बाप उठून गेला. बाकड्यावरचे दोघं-तिघंही गेले. दोस्तानं माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"हलू नको लेका," तो म्हणाला. "पहिलंच गिऱ्हाईक हाय. कान कापला तर बोहणी खराब."

त्याचं लक्ष कात्रीपेक्षा दाराकडंच जास्त होतं, त्यामुळं कटिंग इतकी भयानक झाली की आईनं मला ओळखायला वेळ लावला. पण कटिंग झाल्यावर त्यानं माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. मी डोळे मिटले. कडक. उजवी बाजू. मग कडक. डावी बाजू. उरलेल्या बाकड्यासमोर माझी मान त्याच्या हातात होती. तेव्हापासून दर रविवारी तेच. उजवी मोडून झाली की तो जरा थांबतो आणि मी डोळे न उघडता म्हणतो, "दुसरी बाजू राहिली."

नांदेडहून आल्यावरच्या रविवारीही मी गेलो. मान मोडून घेतली. आणि काय सांगू, सोमवारी काही झालं नाही. पुढच्या सोमवारीही नाही. सोयाबीन पेरलं गेलं, फुलावर आलं, मी शेतकऱ्यांच्या मागं बसून चिखलातून फिरलो, पण जग जागचं हललं नाही. सोयाबीन काढायला आलं तेव्हा एका सकाळी बायकोनं पोत गळ्यातून काढली, चाबी सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. त्या दिवशी मी काम नसताना गाडीवर तीन गावं फिरलो आणि प्रत्येक गावात हॉर्न वाजवला.

मटणही परत सुरू झालं. आता एवढं बरं वाटलं ते कशानं, हे जगाला सांगणं माझं कर्तव्य होतं. डॉक्टरनं जेमतेम एकदा मान फिरवली होती. दोस्त दर आठवड्याला मोडत होता. हिशेब सरळ होता. मी स्टँडवर, गोठ्यात, लसीकरणाच्या शिबिरात, जिथं मिळेल तिथं दोस्ताच्या हाताचे गुण गाऊ लागलो. ज्याला चक्कर येते म्हणून कळायचं त्याला त्याच्याकडं पाठवायचो. दोस्त मात्र त्यांना हाकलून लावायचा.

"तुमची नका मोडू," तो म्हणायचा. "डॉक्टरची मान वेगळी हाय."

मला वाटायचं, काय नम्र माणूस आहे!

मग एका रविवारी मी ठरवलं की याचा पुरावाच करून ठेवायचा. बाकड्यावर शेजारचा चहावाला दाढीसाठी बसला होता. त्याच्या हातात मोबाइल दिला, म्हणालो, "नीट काढ, आवाज आला पाहिजे." दोस्त म्हणाला, "काहून उगं व्हिडिओ-बिडिओ?" मी म्हणालो, "तू गप. लोकांचं भलं होऊन राहिलं." डोळे मिटले. कडक. "दुसरी बाजू राहिली." कडक. घरी जाता जाता तो व्हिडिओ मी आमच्या खात्याच्या ग्रुपवर आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ना गोळी, ना डॉक्टर, फक्त दोस्ताचा हात.

आधी अंगठे आले. मग फुलं आली. मग वसमतकडच्या एका सहकाऱ्याचा हसून हसून रडणारा चेहरा आला, एकामागोमाग कितीतरी. मग लेकीचं आलं.

"पप्पा, आवाज कुठून येऊन राहिला ते बघा."

मी अंगणात खुर्ची टाकून व्हिडिओ लावला. खुर्चीत मी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर बुद्धाला लाजवेल अशी शांती. दोस्ताचा डावा हात माझ्या डोक्यावर नुसता ठेवलेला, लेकराला झोपवताना ठेवतात तसा. उजवा हात माझ्या कानाजवळ. त्या हातानं त्यानं अंगठ्याखाली स्वतःचंच बोट दाबलं. कडक. माझी मान तसूभरही हलली नाही. मग मी म्हणतो, दुसरी बाजू राहिली. दोस्त हात बदलतो, दुसरं बोट शोधतो, दाबतो. कडक. मग मी डोळे उघडून समाधानानं "वा!" म्हणतो. आरशात मागं अख्खा बाकडा तोंडात रुमाल कोंबून बसलेला. आणि व्हिडिओ मध्ये मध्ये हलत होता तो मला मोबाइलचा दोष वाटला होता. तो चहावाला हसत होता.

दोन्ही ग्रुपवरून काढून टाकायला गेलो. एका ठिकाणी निघाला. खात्याच्या ग्रुपवर तोवर तो सगळीकडं पुढं गेला होता.

बायको भाकरी थापत होती. मी मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं बघितलंसुद्धा नाही.

"तू सांगितलंस?" मी विचारलं.

"भाऊजींना व्हय. नांदेडहून आलो त्याच संध्याकाळी."

"अन् मला न्हाई?"

"तुम्हाला त्या डॉक्टरनं सांगितलं होतं. ऐकलं?"

मी रागानं जेवलो नाही. तसाच दोस्ताकडं गेलो. तो वस्तरा धूत होता. माझा चेहरा बघून त्यानं नळ बंद केला.

"मोडायची नव्हती तर सांगायचं," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू दुसरीकडं गेला असता मोडून घ्यायला."

"गेलो नसतो!"

"गेला असता. मी ओळखत न्हाई का तुला?"

"अख्ख्या बाकड्याला माहीत होतं?"

तो वस्तरा पुसत राहिला. एका कानातल्या खड्यांनी माझा तोल घालवला होता, ते मी एक वेळ माफ केलं असतं. त्यांना काय कळतं? पण हा माणूस. ज्या दिवशी यानं माझी मान पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा समोर बाकडाच होता, आणि निम्मा बाकडा उठून गेला होता. त्या रविवारापासून मी त्याच्यासमोर डोळे मिटत आलो. आणि आता तोच बाकडा भरलेला, सगळे बसून, माझ्या मिटलेल्या डोळ्यांवर हसत होते, आणि खेळ हा दाखवत होता. हे मी त्याला बोललो नाही. बोलायला गेलो तर रडू आलं असतं, आणि न्हाव्याच्या दुकानात रडणारं माणूस मी लेकरांखेरीज पाहिलेलं नाही. मी एवढंच म्हणालो, "आता तुझ्या दुकानात पाय ठेवणार न्हाई."

पुढच्या रविवारी मी गाडी काढली आणि थेट हिंगोली गाठली. तिथं काचेच्या दाराचं, एसी लावलेलं सलून आहे. केस सोनेरी रंगवलेल्या एका पोरानं माझी कटिंग केली, टाळूवर थंड तेल रगडलं आणि विचारलं, "अंकल, गर्दन भी तोड़ दूँ?"

"दोनों बाजू से," मी म्हणालो. "और आँख खुली रखूँगा."

त्यानं मोडली. डोळे उघडे ठेवून मी आरशात बघितलं. माझीच मान होती, खरीखुरी, आणि काय आवाज निघाला! दोस्ताच्या बोटांना सात जन्मात जमला नसता. मी बाहेर आलो तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत होतं. कुणाला हरवलं ते मात्र नीट सांगता आलं नसतं.

देवस्थानाच्या नरसीच्या अलीकडं मागून हॉर्न आला, म्हणून मी वळून बघितलं. आणि रस्ता उचलला गेला. शेत वर, आभाळ खाली, ट्रक कुठं गेला कुणास ठाऊक. नशीब एवढंच की मी हळू होतो. गाडी कडेच्या मातीत घातली, आडवी केली आणि चार पायांवर रांगत एका पेढ्या-प्रसादाच्या दुकानापर्यंत गेलो. दुकानातल्या बाईनं पाणी दिलं.

"देवाला आले व्हय बाबा?" ती म्हणाली. "गाभाऱ्यापस्तोर कशाला रांगता, चालत गेलं तरी पावते."

मी तिच्या बाकावर आडवा झालो, डोळे मिटले आणि फोन हातात घेतला. बायकोला केला असता तर चाबी गेलीच होती. लेकीला केला असता तर तिनं बायकोला केला असता. मी दोस्ताला केला.

रविवार म्हणजे त्याच्या धंद्याचा दिवस. तरी तो भाड्याच्या जीपनं आला, अंगावर कापलेले केस तसेच, आणि कुणाला तरी अर्ध्या दाढीवर ठेवून आला होता, हे नंतर कळलं. बाकापाशी येऊन उभा राहिला. आता हा म्हणणार, की मी म्हटलं नव्हतं का, तू दुसरीकडं जाशील? मी वाट बघत राहिलो. तो वाकला आणि माझ्या कानामागं बोट फिरवलं.

"कटिंग कुणी केली ही?" त्यानं विचारलं. "पायऱ्या पाडल्यात लेका."

त्याचा आवाज जरा बदलला होता. मी डोळे उघडले नाहीत.

त्यानं गाडी उभी केली, मला मागं बसवलं, माझे दोन्ही हात स्वतःच्या पोटाभोवती घेतले. मी कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं. प्रत्येक खड्ड्यापाशी तो गाडी इतकी हळू करायचा की मागचे सायकलवाले पुढं जायचे.

"घरी सांगू नको," मी त्याच्या पाठीत म्हणालो. "चाबी घेते ती."

"न्हाई सांगत."

"शप्पथ?"

"एक शब्द बोलत न्हाई."

दारात गाडी थांबली. बायको बाहेर आली. दोस्तानं गाडी तिथंच उभी केली, चाबी काढली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या हातावर ठेवली. तोंडातून एक शब्द काढला नाही. मग तो वळला आणि अर्ध्या दाढीवर सोडलेल्या गिऱ्हाइकाकडं निघून गेला. बायकोनं पोत गळ्यातून काढली.

नांदेडच्या डॉक्टरनं परत माझं डोकं लोंबवलं आणि खडे परत जागेवर बसवले. परत विचारलं, मानेला झटका? मी काही बोलायच्या आत बायको आणि लेक दोघी म्हणाल्या, "हो."

पुढचा रविवार आला. मी पायी स्टँडवर गेलो. बाकडा भरलेला होता. मला बघून सगळे गप्प झाले, म्हणजे माझंच बोलणं चाललं होतं. खुर्ची रिकामी झाली आणि दोस्तानं कापड झटकलं. मी जाऊन बसलो. त्यानं त्या सोनेरी केसवाल्याच्या पायऱ्या सावकाश बुजवल्या, कानामागून वस्तरा फिरवला, मानेवरचे केस झाडले. मग माझ्या मागं उभा राहिला. आम्ही दोघं आरशात एकमेकांकडं बघत होतो. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. त्यानं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, उजवा कानाजवळ नेला, आणि माझ्याकडं बघत बोट दाबलं. कडक.

बाकड्यावर कुणी हसलं नाही.

"दुसरी बाजू राहिली," मी म्हणालो.

"थांब जरा," तो म्हणाला. "या हाताचं लवकर मोडत न्हाई."